दुर्बीण हातात धरायची असेल तर १०×५०च

आकाश बघायला दोन डोळ्यांची दुर्बीण (बायनॉक्युलर) घेताना काहींचं २०×५० घ्यायचं चाललंय, 'जास्त मोठं दिसेल' म्हणून. कृपया घेऊ नका. २० पट मोठं दिसतं तसा हाताचा कंपही २० पट मोठा होतो. तारा जागेवर ठरतच नाही, नुसती रेघोटी नाचत राहते.

आकड्यांचा अर्थ बघा. १० किंवा २० म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्याला १० ने भागलं की ५ येतात. तेवढ्या रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात शिरतो. २०×५० मध्ये तो फक्त अडीच मिमी, म्हणून अंधुक गोष्टी आणखी फिक्या दिसतात. तरुणपणी अंधारात डोळ्याची बाहुली ७ मिमीपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर साधारण ५. त्यामुळे आई-बाबांसाठी ७×५० घेतली तर बराचसा प्रकाश वाया जातो.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखा. डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाचं वर्तुळ पूर्ण गोल हवं. कडा कापलेल्या, चौकोनी दिसल्या तर आतले लोलक (प्रिझम) हलक्या प्रतीचे आहेत. मग दूरच्या विजेच्या तारेकडे बघा. एका तारेच्या दोन दिसल्या तर परत द्या, असली दुर्बीण डोकं दुखवते.

गच्चीवर सतरंजी टाकून आडवं व्हा, कोपर छातीला टेकवा. कृत्तिकांच्या तारका नुसत्या डोळ्यांना सहा-सात दिसतात, यातून निळसर हिऱ्यांची ओंजळच सांडते. भिंतीला टेकून हात स्थिर केलेत तर गुरूचे चंद्रही दिसतील. शनीची कडी मात्र नाही दिसणार, त्यासाठी टेलिस्कोपच लागतो.