मदत हवी आहे: पायावर १९७७ लिहिलंय म्हणजे ओरिजिनलच ना? (अर्जंट)

घाईत_आहे: जाणकारांनी प्लीज लवकर सांगा. केनर कंपनीची जुनी स्टार वॉर्स फिगर (खेळण्यातलं बाहुलं) घेतोय, पायाच्या मागे बारीक अक्षरात १९७७ आणि हाँगकाँग आहे, विकणारा म्हणतो पिक्चर आला त्याच वर्षीची, अगदी पहिल्या लॉटमधली, म्हणून भाव चढा. आज रात्री हो-नाही कळवायचंय नाहीतर दुसऱ्याला देणार म्हणतोय. ओरिजिनल आहे का एवढंच सांगा, इतिहास नको.

जुना_पेटारा: इतिहास नको म्हणता आणि प्रश्न सगळा इतिहासाचाच. कुठली फिगर? फोटो डकवा.

नानू: १९७७ हे कॉपीराइटचं साल आहे हो, बनवल्याचं नाही. त्या सालात ३.७५ इंची फिगर दुकानात आल्याच नव्हत्या, पिक्चर मे महिन्यात आला आणि एवढा चालेल असं कुणाला वाटलंच नव्हतं, त्यामुळे नाताळात केनरने चक्क पुठ्ठ्याचं पाकीट विकलं, आत कूपन, ते पाठवायचं आणि मग १९७८ मध्ये पोस्टाने चार फिगर यायच्या, ल्यूक, लेया, च्युबॅका आणि आरटू. पोरांनी झाडाखाली काय उघडलं तर रिकामा पुठ्ठा! म्हणजे ‘त्याच वर्षीची’ ही थाप.

घाईत_आहे: पाकिटाचं कुठे विचारलं मी? ल्यूक-बिक नाही, जावा आहे, पिक्चरमधला तो झगेवाला बुटका.

टवाळ: मला वाटलं जावा-जावांच्या भांडणाचा धागा, पळत आलो.

जुना_पेटारा: जावा?? हे आधी सांगायचं ना! केप, म्हणजे अंगावरचा झगा, कापडाचा आहे की व्हिनाइलचा (पातळ प्लास्टिक)?

प्रयोगशील: सोपा उपाय सांगतो. त्याची बंदूक पाण्यात टाका. तरंगली तर ओरिजिनल, बुडली तर डुप्लिकेट. मी सगळ्या अशाच तपासल्यात.

नानू: परत तेच. बंदुकीला हवेचा बुडबुडा चिकटला तर काहीही तरंगतं. आणि बुडलेल्या ओरिजिनल पण पाहिल्यात मी.

प्रयोगशील: साबणाचा एक थेंब टाकायचा, बुडबुडा जातो. करून बघा मग बोला.

नानू: पण ज्याच्याकडे फक्त फोटो आहे त्याने काय स्क्रीन बुडवायची?

रेवा: पिवळी पडली असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवा, मस्त पांढरी होते.

जुना_पेटारा: रेवाताई, जावा तपकिरी असतो.

घाईत_आहे: केप प्लास्टिकसारखीच आहे, चकचकीत. चांगलं की वाईट?

जुना_पेटारा: खरी असेल तर फारच चांगलं, आणि तिथेच गोची आहे. नीट ऐका. १९७८ च्या पहिल्या १२ फिगरमध्ये जावा अगदी बुटका, सव्वादोन इंच. सुरुवातीला त्याला व्हिनाइलची केप होती, थोड्याच दिवसांत बदलून कापडी झगा दिला. म्हणून व्हिनाइलवाला दुर्मिळ. पण आतलं बाहुलं दोन्हीकडे तेच! पायावरचं ‘जीएमएफजीआय १९७७’ (जनरल मिल्स फन ग्रुप, केनर तेव्हा त्यांच्याकडे होती) कापडी झग्यावाल्याच्याही पायावर असतं. पायाने काहीच सिद्ध होत नाही, सगळा भाव त्या चिंधीएवढ्या व्हिनाइलचा. आणि ओबी-वान म्हणून दुसरी फिगर आहे, तिची केप पण व्हिनाइलचीच, ती कापून जावाला चढवायचा उद्योग लोक कित्येक वर्षं करतायत. खालची कड मोठी करून फोटो मागवा.

किस्सेवाला: अवांतर, पण बदलावरून आठवलं. १९७८ मध्ये सीअर्स या अमेरिकी दुकानाच्या कॅन्टिना (पिक्चरमधला गुत्ता) सेटबरोबर स्नॅगलटूथ नावाचा परग्रहवासी आला होता, निळा, उंच, पायात चंदेरी बूट. केनरकडे त्याचा फक्त कमरेपर्यंतचा फोटो होता, पाय त्यांनी मनानेच लावले. पिक्चरमध्ये तो बुटका! मग नंतरचा लाल आणि अनवाणी काढला. चुकलेला निळाच आता लोक शोधत फिरतात.

पॅकबंद: मुळात सुटी फिगर घ्यायचीच कशाला? कार्डावरच, म्हणजे मूळ पुठ्ठ्यावर पॅक असलेली घ्यावी, मागे १२ च फिगरचे फोटो असले की पहिल्या खेपेचं कार्ड, वाद मिटला.

प्रयोगशील: आणि त्या कार्डाची डुप्लिकेट निघत नाही वाटतं?

पॅकबंद: निघते. पण बादलीत बुडवावी तरी लागत नाही.

घाईत_आहे: भांडू नका, फोटो आला. खालची कड एका बाजूला जरा खाली उतरलीये, आणि मध्ये एके ठिकाणी बारीक पायरीसारखं दिसतंय, म्हणजे कात्री थांबून परत चालवल्यासारखं. विकणारा म्हणतो जुनं आहे म्हणून तसं झालंय.

नानू: जुनं झालं की व्हिनाइल कडक होईल, चिरेल. पायरी पडत नाही.

जुना_पेटारा: त्याला विचारा, केपशिवायचा ओबी-वान पण विकायला आहे का.

घाईत_आहे: 😐 आहे. त्याच फोटोत मागे उभा आहे.

टवाळ: बिचारा गारठला असेल.

रेवा: माझ्या आरटूच्या अंगावरचा कागदी स्टिकर सुटलाय, कुठला गोंद चालेल?