चाळिशीत ऑलिंपिक पदक: टाळ्या वाजवायच्या की शंका घ्यायची?

शंकेखोर परभणीकर
आकडे मांडतो, मग बोला. अमेरिकन जलतरणपटू डारा टोरेस, जन्म 1967. सिडनी 2000 मध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 24.63 सेकंदांत, कांस्य. तेव्हा वय 33. बीजिंग 2008 मध्ये तीच शर्यत 24.07 मध्ये, रौप्य. जर्मनीच्या ब्रिटा स्टेफनचं सुवर्ण 24.06, म्हणजे एका शतांशानं हुकलं. वय 41. आठ वर्षं वय वाढलं आणि वेळ अर्ध्या सेकंदाहून जास्त कमी झाला. या वेगाला अर्धा सेकंद म्हणजे पाण्यात मीटरभर अंतर. ती बंदी असलेल्या औषधांच्या कुठल्याही चाचणीत दोषी सापडलेली नाही, त्यामुळे आरोप करत नाही. पण "वय हा नुसता आकडा" म्हणत टाळ्या वाजवायलाही मी तयार नाही. पटत नसेल तर हिशोब मांडा. जिद्द, चिकाटी वगैरे सांगू नका.

गोदाकाठ
हिशोबच मांडू. 2008 हे एलझेडआर रेसर या पोहण्याच्या सूटचं वर्ष. पॉलियुरेथेनचे पट्टे, शिवणीऐवजी वेल्डिंग केलेले सांधे, आणि अंग इतकं आवळायचं की घालायलाच मदतनीस लागायचा. दमल्यावर कंबर खाली बसते आणि पाण्याचा अडथळा वाढतो. हा सूट कंबर वर धरून ठेवायचा. पुढच्या वर्षी अशा सूटांनी रोमच्या जागतिक स्पर्धेत 43 विश्वविक्रम पडले, आणि 1 जानेवारी 2010 पासून त्यांच्यावर बंदी आली.

आता तुम्ही न मांडलेला आकडा. 2012 च्या अमेरिकन निवड चाचणीत टोरेस 45 वर्षांची, अंगात साधा कापडी सूट, वेळ 24.82. चौथी आली, संघातली जागा 9 शतांशांनी गेली. 2000 शी ताडून बघा: बारा वर्षांत 19 शतांश मागे. वय वाढलेल्या पण सराव न सोडलेल्या स्प्रिंटरची घसरण अशीच असते. तुमचं अर्ध्या सेकंदाचं कोडं बरंचसं सूटनं सुटतं.

शंकेखोर परभणीकर
असे वेगवान सूट त्या वर्षी इतरांच्या अंगातही होते. सगळ्यांनाच फायदा झाला तर 41 व्या वर्षी दुसरी कशी? दुसरं, 2012 ला स्टार्टिंग ब्लॉकवर मागं पाय टेकवायची तिरकी पट्टी होती, 2008 ला नव्हती. ती सुरुवातीला मदत करते. म्हणजे 24.82 मध्येही नव्या सोयीचा वाटा आहे. तुमच्या बाजूचं तेवढं मोजलंत, माझ्या बाजूचं सोडलंत.

गोदाकाठ
पट्टीचा मुद्दा मान्य, ती काही शतांश देते. पण ती धरूनही 45 व्या वर्षीचा वेळ संशयास्पद ठरत नाही, आणि 41 चा रौप्य वेळ सूटशिवाय समजत नाही.

हाडांचा डॉक्टर, बीड
तुम्ही दोघंही वयाला एकच गोष्ट समजताय. 50 मीटरची शर्यत 21 ते 25 सेकंदांची. तिचं इंधन मुख्यतः स्नायूत साठवलेलं फॉस्फोक्रिएटिन (झटपट ऊर्जेचा साठा) आणि ऑक्सिजनशिवायचं ग्लायकोलिसिस (साखरेचं विघटन). ऑक्सिजन घेण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकाला साधारण 10 टक्के उतरते, सराव कायम ठेवला तर निम्म्यानं. ती घसरण 400 आणि 800 मीटरला मारते, 50 ला फारशी नाही. पुरावा समोर आहे. अमेरिकेची जॅनेट इव्हान्स 40 व्या वर्षी 2012 च्या निवड चाचणीत 400 आणि 800 मध्ये परतली, अंतिम फेरीच्या जवळही गेली नाही. इयान थॉर्प तर 29 चाच होता, तरी त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या संघात जागा मिळाली नाही. उलट अमेरिकेचा अँथनी अर्विन: 2000 ला 19 व्या वर्षी 50 फ्रीस्टाइलचं सुवर्ण 21.98 मध्ये (गॅरी हॉल ज्युनियरसोबत बरोबरीत), आणि 2016 ला 35 व्या वर्षी परत सुवर्ण, 21.40. ब्राझीलचा निकोलस सांतोस 2022 मध्ये 42 वर्षांचा होता. बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत 50 बटरफ्लायचं रौप्य, 22.78. तिथं कुठलाच जादूई सूट नव्हता.

चाळिशीचा माणूस 50 जिंकला तर मी तंत्र आणि सूट बघेन. 1500 जिंकला तर मीही तुमच्याच बाकावर बसेन.

शंकेखोर परभणीकर
डॉक्टर, स्नायूंतल्या वेगवान तंतूंचं काय? ते तर स्प्रिंटलाच लागतात.

हाडांचा डॉक्टर, बीड
कमी होतात, पण वजनांचा सराव सोडला की झपाट्यानं, चालू ठेवला की बरेच हळू. चाळिशीत पहिल्यांदा नडते ती भरपाई. जोरदार सत्रानंतर विशीतला मुलगा दुसऱ्या दिवशी तयार असतो, यांना 48 तास लागतात. म्हणून हे लोक सरावाचे मीटर कमी करतात आणि विश्रांती वाढवतात. आणि बंदी असलेल्या औषधांचा खरा मोह इथंच असतो, हे शंकेखोर साहेबांच्या बाजूनं नोंदवतो. टेस्टोस्टेरॉन वेग तर देतंच, पण उद्या परत सराव करण्याची ताकदही देतं.

लेन चार, लातूर
मग त्यावर पहारा काय आहे, तेही सांगा. चाचणीसाठी निवडलेल्या वरच्या फळीतल्या खेळाडूला रोज 60 मिनिटांची एक वेळ आणि ठिकाण कळवावं लागतं. 12 महिन्यांत तीन चुका झाल्या की नियमभंग. रक्ताचा जैविक पासपोर्ट 2009 पासून. त्यात हिमोग्लोबिन आणि नव्या तांबड्या पेशींचं प्रमाण वर्षानुवर्षं त्याच माणसाशी ताडतात. स्टेरॉइडचा भाग 2014 पासून. नमुने 10 वर्षांपर्यंत ठेवून परत तपासता येतात. "वयामुळं टेस्टोस्टेरॉन कमी झालं" या कारणावर ते घ्यायची वैद्यकीय सवलत मिळत नाही. टोरेसनं 2008 ला अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या जादा रक्त-लघवी चाचण्या स्वतःहून स्वीकारल्या होत्या.

शंकेखोर परभणीकर
धावपटू मॅरियन जोन्स आणि सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षं चाचण्यांतून सुटले, नंतर स्वतः कबूल झाले. चाचणी निगेटिव्ह म्हणजे सापडलं नाही, एवढंच. आणि पासपोर्ट 2009 चा, रौप्य 2008 चं.

लेन चार, लातूर
हे खरं, पण विशीतल्या विजेत्यालाही तितकंच लागू. तुमची शंका फक्त वय बघून जागी होते, माझी हरकत तिथंच आहे. आणि आपल्याकडं वयाची लबाडी नेमकी उलट्या दिशेनं चालते. शालेय गटात दोन वर्षं मोठा मुलगा धाकट्यांत उतरतो, डाव्या मनगटाचा एक्स-रे काढावा लागतो, आणि त्यावर कुणी धागा काढत नाही. बत्तिशीतला माणूस पोहला की मात्र "काय घेतो हा?" आपला जलतरणपटू वीरधवल खाडे 16 व्या वर्षी बीजिंगला गेला आणि 2023 च्या गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत 32 व्या वर्षी 50 फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं. मधल्या काळात तहसीलदारकी. आपली लेकरं दहावीला पोहणं सोडतात ती शरीर थकलं म्हणून नाही. क्लास लागतो, आणि उन्हाळ्यात पोहण्याच्या टाकीत पाणी नसतं.

बारव
पाण्याचं मोजूनच सांगतो. 25 बाय 10 मीटरची टाकी, सरासरी दीड मीटर खोल: पावणेचार लाख लिटर. एप्रिलात रोज 7 मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर 1,750 लिटर नुसतं हवेत. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला प्यायचं पाणी आणावं लागलं, तिथं टाकी भरा म्हणायचं कुणाच्या तोंडानं? बोअरचं जड पाणी फिल्टरच्या वाळूत चुना धरतं. सामू (पीएच) 7.8 च्या वर गेला की क्लोरीन असून नसल्यासारखं होतं आणि डोळे चुरचुरतात. अशा टाकीत विशीचा गडी टिकत नाही, चाळिशीची चर्चा लांबच.

शंकेखोर परभणीकर
पटलं. पण मग इथल्या पस्तिशीच्या पुढच्या माणसानं करायचं काय? औषधाविना जे होतं ते सांगा, टोरेसला बाजूला ठेवा.

गोदाकाठ
आठवड्याला चार सत्रं, जोराची फक्त दोन, मध्ये 48 तास. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं रबर बँड: कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेर फिरवायचा, 15 चे दोन संच. मग 600 मीटर सावकाश. मुख्य संच 25 मीटरचे आठ, पूर्ण जोर, दर दोन मिनिटांनी एक. प्रत्येकाचा वेळ लिहायचा. सर्वोत्तमापेक्षा अर्धा सेकंद मागं पडलात की संच तिथंच थांबवा. त्यापुढं सराव होतो तो हळू पोहण्याचा.

चुका तीनच, पण खांदा घेऊन जातात. अंगठा आधी पाण्यात घालणं, हात डोक्याच्या मधल्या रेषेपलीकडं जाणं, आणि पहिल्याच महिन्यात तळहातांना मोठे पॅडल (पाणी ढकलायच्या पट्ट्या) लावणं. स्पर्धेचं पाणी 25 ते 28 अंशांचं असतं, मे महिन्यात आपलं 32 च्या वर जातं. त्यामुळं जोराचा संच सकाळी सातच्या आत उरकायचा.

शंकेखोर परभणीकर
जवळपास दोन मिनिटं विश्रांती फार नाही का? काठावरच बसून राहायचं?

हाडांचा डॉक्टर, बीड
फॉस्फोक्रिएटिन बऱ्यापैकी भरायला दोन-तीन मिनिटं लागतातच. कमी केलीत तर संच वेगाचा राहत नाही, दमाचा होतो. काठावर बसू नका, छातीएवढ्या पाण्यात हळू चालत राहा. आणि रात्री कुशीवर झोपताना त्या बाजूचा खांदा दुखायला लागला तर पुढचं सत्र बंद. हात डोक्यावर नेताना मधल्याच टप्प्यात कळ आली तर पाण्यात न उतरता आधी दाखवून घ्या. सुप्रास्पायनेटसचा (हात वर उचलणाऱ्या खांद्यातल्या स्नायूचा) कंडरा चाळिशीत बऱ्याचदा आधीच झिजलेला असतो, विशीसारखा परत सांधत नाही.