सुरमईत पारा, मग मांदेलीत का नाही?

खाडीकाठची: वहिनीला पाचवा महिना आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोरी नि मोठी सुरमई बंद, मांदेली-तारली खुशाल खा. आईला पटत नाहीये. "एकाच समुद्रातली मासळी, एकीत पारा नि दुसरीत नाही, असं कसं?" मला काही उत्तर देता आलं नाही. आणि तळल्यावर जातो का तो?

पारदर्शी: आठ वर्षं माशांची चिरफाड करतोय, म्हणून लिहितो. पारा मांदेलीतही असतो, पण अगदी थोडा. पाणी एकच असलं तरी मासा पारा घेतो तो मुख्यतः घासातून. गाळात प्राणवायू नसतो तिथले जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथिल पारा करतात. तो पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती शोषतात, आणि सगळ्यात मोठी उडी इथेच पडते. पुढे जवळा, मग मांदेली, मग सुरमई. दर पायरीला काही पटींनी वाढ, कारण अंगात शिरलेला मिथिल पारा लवकर निघत नाही. माणसाच्या अंगातूनही निम्मा जायला दीड-दोन महिने लागतात. मांदेलीचं आयुष्य ते केवढं, साठवणार कधी?

तळून जात नाही. तो चरबीत नसून मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. उलट पाणी उडालं की तुकडीच्या दर ग्रॅमला थोडा जास्तच भरतो.

दर्यावर्दी६१: बोंबलाला गरीब समजू नका हां. जवळा, कोलंबी, बारकी मासळी, काय मिळेल ते गिळतो. तोंड उघडून दात बघा एकदा.

पारदर्शी: अगदी! म्हणून नावावरून पायरी ठरवत नाही. पाठीवरच्या पराखालचं बोटभर मांस काढायचं, गोठवून सुकवायचं, खलात पूड करायची. थोडी पूड पारा मोजायला, थोडी नायट्रोजनसाठी. जड नायट्रोजन, म्हणजे नायट्रोजन-15, दर पायरीला साधारण 3.4 प्रतिहजार वाढतो. पोट फाडून फक्त शेवटचं जेवण कळतं. एका सुरमईत मला अख्खा बांगडा सापडला, शेपटीकडून जरासा विरघळलेला. दुसरीचं पोट साफ रिकामं. मांसात मात्र कित्येक महिन्यांचा हिशोब असतो.

शंकेखोर: ठीक, पण पारा आला कुठून? उल्हास खाडीच्या गाळात जुना कारखान्यांचा पारा आहे, वरून हवेतूनही पडतो. माशात गेलेला नेमका कुठला, हे कसं कळणार?

पारदर्शी: त्यासाठी पाऱ्यालाच खूण करावी लागते. कॅनडात ऑन्टॅरिओमध्ये 658 नंबरचं एक तळं आहे. तिथे 2001 ते 2007 शास्त्रज्ञांनी मुद्दाम पारा टाकला: तळ्यात 202 वजनाचा, दलदलीत 198, भोवतालच्या जंगलात 200. गुण तेच, वजन वेगळं. नोटांचे नंबर टिपून ठेवावेत तसं. माशांत खुणेचा पारा चढला तो जवळजवळ सगळा थेट तळ्यात टाकलेला. जंगलातला माती नि झाडोऱ्यात अडकून बसला.

मला त्यातला पुढचा भाग जास्त आवडतो. टाकणं थांबवल्यावर बारक्या माशांतला खुणेचा पारा भराभर उतरला. मोठ्या पाईक माशांतलाही उतरला, पण ज्यांनी आधी खाल्ला होता त्यांनी तो फारसा सोडला नाही. ते मेले, नवी पिढी आली, तेव्हा सरासरी खाली आली.

उल्हास खाडीत अशी खूण कोण करू देणार! तिथे पाऱ्याच्या नैसर्गिक समस्थानिकांच्या, म्हणजे मुळातच वेगवेगळ्या वजनाच्या पाऱ्यांच्या, प्रमाणावरून अंदाज बांधावा लागतो, आणि ते काम किचकट आहे.

खाडीकाठची: आईला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे सुरमईनं खाल्लेली मांदेली वाईट, नि माझ्या कढईतली चांगली?" मी म्हटलं, हो, तसंच. आता मांदेलीचे वाटे लावून बसलीय, आणि सुरमईची तुकडी दादाच्या ताटात.