मदत हवी: गुलाबी केळीच्या पानांच्या कडा करपून राहिल्या, खारपाण पट्ट्यातलं (खाऱ्या माती-पाण्याच्या भागातलं) कोणी आहे का?

दर्यापूरची लेक:
नमस्कार मंडळी. माझा भाऊ आसामात नोकरीले आहे, मागच्या पावसाळ्यात त्यानं तिकडून शोभेच्या केळीचा मुनवा (बुडाशी फुटणारं पिलू) आणून दिला, ती गुलाबी मखमली केळं लागतात ना, म्युसा व्हेलुटिना, तीच. अंगणात लावली, हिवाळ्यात थांबल्यासारखी झाली होती पण होळीनंतर असा जोर धरला की आता माझ्या डोक्याच्या वर गेली अन् बाजूनं पिलंही फुटले. पण एप्रिलपासून खालच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळत आहेत, आता मधल्या पानापर्यंत आलं, फक्त पोंग्यातलं नवं पान चांगलं निघते. पाणी कमी नाही जी, रोज संध्याकाळी बोअरचं देते, नळाचं तर प्यायलेच पुरत नाही. आळ्यातली माती वाळली की वर पांढरी खपली दिसते. कृषी केंद्रवाले म्हणतात पोटॅशची कमी आहे, लाल पोटॅश टाका, शेजारच्या काकू म्हणतात ऊन लागलं. पारा ४५ वर आहे अन् नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) तर लागायचाच आहे. काय करू? आमच्या गावच्या आरओचं वाया जाणारं पाणी फुकट भेटते, ते दिलं तर चालते का? ही केळ मले काही करून वाचवायची आहे.

अकोटचा केळीवाला:
ताई, आरओचं ते पाणी अजिबात टाकू नका. गोड पाणी गाळून घेतल्यावर उरलेला सगळा क्षार त्यातच असते, म्हणजे तुमच्या बोअरपेक्षाही खारं. कूलरच्या टाकीत तळाले उरते त्या पाण्याचंही तेच. पांढरी खपली सांगितली तिथंच मले समजलं, हे मिठाचं काम आहे. केळीले खारं पाणी सोसतच नाही, मुळं पाण्यासोबत मीठ ओढतात, पाणी पानातून उडून जाते अन् मीठ कडेले साचते, म्हणून जुनी पानं पहिले जळतात. पोटॅशच्या कमीतही जुनी पानंच धरतात पण तेव्हा पान आधी नारंगी-पिवळं पडते अन् मग आत वळून वाळते. तसं नसेल तर पोटॅशची घाई नको, अन् द्यायचंच झालं तर लाल पोटॅश नाही, त्यात क्लोराईड असते, सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. आमच्याकडं सातपुड्याच्या पायथ्याले पाणी गोड आहे म्हणून केळीचे बगीचे उभे आहेत.

आता रोज थोडं थोडं पाणी देणं बंद करा, त्यानं मीठ वरच्या थरातच जमत जाते. वरची खपली खरवडून लांब टाका, मग दोन-तीन दिवसांआड जे गोड पाणी भेटेल ते, भाज्या-तांदूळ धुतलेलं चालते (मीठ घातलेलं नाही), एकदम भरपूर द्या. अन् बुडाशी सोयाबीनचं कुटार नाहीतर वाळलेली पानं चांगली चार बोटं पसरा, फक्त खोडाले टेकवू नका.

यवतमाळची बागवाली:
मी म्हणते सरळ काढून मोठ्या कुंडीत लावा, लाल माती, वाळू अन् शेणखत घालून. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबते अन् कंद सडतो, सडला की असा घाण वास येते की विचारू नका, मग काही हाती लागत नाही.

अकोटचा केळीवाला:
कुंडीचं बरोबर आहे ताई पण मे महिन्यात कंद हलवू नका, मुळं तुटली तर या उन्हात झाड उभं राहणार नाही. मृग लागू द्या. दोन-चार चांगले पाऊस झाले की तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा पहा, कंद अन् मुळं धरून कापा, तो कुंडीत लावा, अन् मोठी जागेवरच ठेवा. तिच्या आळ्याले एका बाजूनं चारी काढून द्या म्हणजे पावसाचं पाणी मीठ धुऊन निघून जाईल. चारी नसेल तर जिप्सम (खारी माती सुधारायले टाकतात ते) टाकूनही उपयोग नाही. माती-पाणी तपासायले अकोल्याले पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे, तुम्हाले जवळच पडते.

दर्यापूरची लेक:
दादा, लय धन्यवाद, आत्ताच जाऊन पानं पाहिली, नारंगी नाहीतच, सरळ कडाच जळल्या. कुटार घरचंच आहे. पश्चिमेकडून तुराट्यांचा कूड उभा करू का? अन् करपलेली पानं कापू?

यवतमाळची बागवाली:
कूड कराच, ही केळ तशी ओलसर जंगलातली, दुपारच्या झळा अडल्या तर खूप फरक पडेल, सकाळचं ऊन मात्र येऊ द्या. पूर्ण वाळलेलं पान कापा, अर्धं हिरवं असेल तर राहू द्या, तेवढंच झाडाले खायले मिळते. वाऱ्यानं पान फाटते त्याची काळजी नका करू.

दर्यापूरची लेक:
बरं. अन् घड लागला तर टेकू लागते का? भाऊ विचारत होता.

अकोटचा केळीवाला:
नाही लागत, तिचा दांडा वर उभाच राहते अन् घड हलका असते. पिकली की केळं आपोआप सोलल्यासारखी उघडतात. आत गर थोडा अन् कडक बिया जास्त, लेकरांले सांभाळून द्या. घड झाल्यावर ते खोड वाळून जाईल, घाबरू नका, बुडाचे मुनवे पुढं वाढतात. म्हणून सगळेच काढून वाटून टाकू नका, एक-दोन तिथंच राहू द्या.