मित्राच्या बॅगेवर जातोय: गोल्फमध्ये चांगला प्रोफेशनल कॅडी होतो तरी कशाने?

फेअरवेफिरस्ता:
नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझा शाळेपासूनचा मित्र यंदा गोल्फमध्ये प्रो झालाय, पुढच्या महिन्यात क्वालिफायर, म्हणजे पात्रता स्पर्धा, खेळतोय, ४ दिवस ४ राउंड, आणि बॅगेवर, म्हणजे कॅडी म्हणून, त्याने मलाच बोलावलंय. मी स्वतः खेळतो, हँडिकॅप ११ आहे म्हणजे बऱ्यापैकी हौशी खेळाडू, अंगात ताकद आहे, त्याचा स्वभाव तर आरपार माहितीय. पण टीव्हीवर बघताना शॉटच्या आधी कॅडी आणि प्लेअर दोघं डोकं जवळ घेऊन एवढं काय बोलतात ते मला आजवर नीट कळलेलं नाही. यशस्वी कॅडी आणि नुसता बॅग वाहणारा यात फरक कशाचा असतो, हिशेबाचा, ग्रीनचा (होलभोवतीच्या बारीक गवताचा) उतार वाचण्याचा की माणूस सांभाळण्याचा? त्याने यासाठी नोकरी सोडलीये हो, माझ्यामुळे त्याचा एक शॉट जरी गेला तरी मला झोप लागायची नाही.

वारा_डावीकडून:
मी ९ वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. ते जे डोकं जवळ घेऊन बोलतात ना, त्यात आधी फक्त आकडे असतात. समज ग्रीनच्या पुढच्या कडेपर्यंत १५२ यार्ड, पिन शीटवर (त्या दिवशी झेंडे कुठे ते दाखवणारा कागद) पिन, म्हणजे झेंडा, कडेपासून १४ आत, म्हणजे १६६. मग पुढचा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, पार करायला हवेतून किती जायला हवा ती कॅरी वेगळी, पिनच्या मागे जागा किती ती वेगळी. ग्रीन ५ यार्ड उंचावर असेल तर साधारण तेवढेच वाढव, समोरून वारा असेल तर अजून वाढव, थंडीत बॉल कमी जातो, रफमधून, म्हणजे उंच गवतातून, मारताना क्लब आणि बॉलच्या मध्ये गवत आलं की स्पिन मरतो आणि बॉल उलट लांब पळतो. हे सगळं डोक्यात करून तू त्याच्यासमोर एकच आकडा ठेवायचा, "१७५ खेळतोय, मधोमध मार." संपलं. तुझी गणितं त्याला ऐकवायची नाहीत.

आता माझी चूक सांगतो. दुसऱ्या वर्षी एका स्पर्धेत शेवटच्या दिवशी मी घाईत कोर्सवरच्या स्प्रिंकलरच्या झाकणावर लिहिलेला अंतराचा आकडा वाचला, तो ग्रीनच्या मध्यापर्यंतचा होता, मी तो पुढच्या कडेचा समजून त्यावर पिनचे १८ मिळवले. त्याने शॉट इतका सुंदर मारला की आवाजावरूनच कळलं, आणि बॉल पिनच्या डोक्यावरून थेट मागच्या झाडीत. तो माझ्याकडे वळला तेव्हा मी लगेच म्हणालो, "आकडा माझा चुकला, तुझा स्विंग परफेक्ट होता." तेवढं एक वाक्य बोललो नसतो तर तो पुढचे चार होल स्वतःच्या स्विंगमध्ये दोष शोधत बसला असता. चूक होणारच, पण ती कुणाची हे त्याला त्याच क्षणी कळलं पाहिजे.

माझ्या मते कॅडीचं खरं काम हेच, शॉट मारताना त्याच्या मनात शंका राहू द्यायची नाही. थोडा चुकीचा क्लब बिनधास्त मारला तरी बॉल बरा जातो, बरोबर क्लब शंका घेऊन मारला की हमखास फसतो. म्हणून त्याने क्लब हातात घेतला की तोंड बंद, बॅग शांत, क्लब खणखणू द्यायचे नाहीत, आणि तुझी सावली त्याच्या लाइनवर नको.

चौदावा_क्लब:
वरचं सगळं पटलं, पण भावा, तुला एक शॉट गेलेला चालणार नाही म्हणतोस तर आधी नियमांचं पुस्तक वाच, कारण कॅडीने नियम मोडला तर पेनल्टी प्लेअरला बसते. २००१ ची ओपन (ब्रिटिश ओपन), रॉयल लिदम कोर्स, शेवटचा दिवस, इयान वूसनम आघाडीत बरोबरीला, पहिल्या होलवर बर्डी (ठरलेल्या शॉटपेक्षा एक कमी) केली, आणि दुसऱ्या टीवर (होल सुरू होतो ती जागा) कॅडीच्या लक्षात आलं की बॅगेत १५ क्लब आहेत, चालतात फक्त १४. प्रॅक्टिसला दोन ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घेतले होते, एक तसाच राहिला. २ शॉटची पेनल्टी. तो बिचारा शेवटी तिसऱ्या क्रमांकावर बरोबरीत राहिला. क्लब मोजायला किती वेळ लागतो? १० सेकंद. रेंजवरून, म्हणजे सरावाच्या मैदानावरून, निघताना मोज आणि पहिल्या टीवर परत मोज, हात लावून मोज, नुसतं बघून नाही.

अजून दोन-तीन गोष्टी. २०१९ पासून प्लेअर स्टान्स घ्यायला, म्हणजे शॉटसाठी पाय रोवायला, लागला की कॅडीने त्याच्या मागे लाइनमध्ये उभं राहायचं नाही, उभा दिसलास तर त्याने मागे हटून परत स्टान्स घेतला तरच पेनल्टी टळते, पण मग लय तुटली ना. ग्रीनवर तू मार्क करून (जागेवर खूण ठेवून) त्याचा बॉल उचलू शकतोस, विचारावं लागत नाही, बाकी कुठेही त्याने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि दुसऱ्या कॅडीला "कोणता मारला रे" असं सहज जरी विचारलंस तरी २ शॉट गेले. त्यांच्या बॅगेत डोकावून बघणं चालतं, विचारणं नाही. ग्रीनच्या उताराची बारीक नकाशे असलेली छापील पुस्तकं मोठ्या टूरवर (व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकांत) २०२२ पासून बंद आहेत, तुमच्या स्पर्धेत काय आहे ते आयोजकांना विचारून घे. पण चालत असली तरी सरावाच्या दिवशी स्वतः पायांनी ग्रीन फिर, उतार पायाला आधी कळतो, डोळ्याला नंतर.

पटरसोबती:
मी प्लेअरच्या बाजूने लिहितो, मी काही वर्षं छोट्या टूरवर खेळलोय. आकडे आणि नियम म्हणजे पायाभरणी, तेवढं आलंच पाहिजे, पण मला आठवतात ते कॅडी वेगळ्याच कारणासाठी. राउंड ४-५ तास चालतो, त्यात प्रत्यक्ष शॉट मारण्यात किती वेळ जातो? काही मिनिटं. बाकी सगळा वेळ आपण चालत असतो आणि डोकं फिरत असतं. माझा एक कॅडी होता, डबल बोगी (ठरलेल्यापेक्षा दोन शॉट जास्त) झाली की काहीच बोलायचा नाही, बाटली पुढे करायचा, शंभरेक पावलं तसाच चालायचा आणि मग एकदम तिसराच विषय काढायचा, कुत्र्याचा नाहीतर क्रिकेटचा. बॉलजवळ पोचेपर्यंत माझे खांदे खाली आलेले असायचे. दुसरा एक होता, हुशार, आकडे कधी चुकले नाहीत, पण प्रत्येक खराब शॉटनंतर "अजून खूप होल आहेत, काळजी करू नको" म्हणायचा. त्याने काळजीचं नाव काढलं की मला काळजी वाटायची. तिसऱ्या स्पर्धेनंतर आम्ही थांबलो.

तू त्याचा मित्र आहेस हीच तुझी ताकद आहे आणि तीच अडचण. तुला त्याचं वाईट वाटेल आणि ते तुझ्या चेहऱ्यावर दिसेल. तो प्रत्येक खराब शॉटनंतर सगळ्यात आधी तुझ्याकडेच बघणार आहे, एवढं लक्षात ठेव.

फेअरवेफिरस्ता:
बापरे, हे मनात आलंच नव्हतं, माझा चेहरा अगदी पुस्तकासारखा वाचता येतो. अजून एक विचारतो, तो चुकीचा शॉट मारायला निघाला तर अडवायचं की नाही? १९९९ च्या ओपनमध्ये कार्नूस्टी कोर्सवर फ्रेंच खेळाडू वॅन डे वेल्डेचं झालं तसं काही झालं तर? शेवटच्या होलवर ३ शॉटची आघाडी होती, कॅडीने ड्रायव्हर हातातून काढून घ्यायला हवा होता ना?

चौदावा_क्लब:
हो, शंभर टक्के. त्या होलवर ६ शॉट मारले असते तरी जिंकला असता, मग ड्रायव्हर कशाला? कॅडीने बॅगेसमोर उभं राहायचं आणि आयर्न (कमी लांब जाणारा क्लब) द्यायचा.

वारा_डावीकडून:
इथे माझं मत वेगळं आहे. ड्रायव्हर वाकडा गेला पण बॉल वाचला होता, पाण्यात गेला नव्हता. बोलायची जागा दुसऱ्या शॉटची होती. तिथे वेजने (जवळच्या शॉटचा क्लब) फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्यावर, काढला असता, तिसरा ग्रीनवर, आणि तिथे तीन पुट (बॉल घरंगळवत मारायचे शॉट) घेतले असते तरी ६ होऊन ओपन हातात होती. त्याने २ नंबर आयर्न काढला, बॉल स्टँडच्या रेलिंगला लागून मागे दाट रफमध्ये आला, पुढचा नाल्यात, शेवटी ७ झाले आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. अशा वेळी प्लेअरला फक्त झेंडा दिसत असतो, हिशेब मोठ्याने सांगणारा माणूस लागतो, "६ चालतंय आपल्याला, हे बघ कसे होतात."

पण सारखं अडवायचं नाही. फिल मिकल्सन आणि त्याचा कॅडी बोन्स मॅके २५ वर्षं एकत्र होते आणि त्यांच्यात ठरलेलं होतं म्हणतात की बोन्सला वर्षातून एकदाच नकाराधिकार. २०१० च्या मास्टर्स स्पर्धेत १३व्या होलवर फिलचा बॉल पाइनच्या सुयांवर, समोर दोन झाडांमधली फट, आणि त्याला ६ नंबरच्या आयर्नने थेट ग्रीनच गाठायचं होतं. त्या क्षणी बोन्सने त्याला बांधून ठेवलं नाही. बॉल पिनपासून काही फुटांवर थांबला, बर्डी झाली आणि मास्टर्सही जिंकला. म्हणून आत्ताच, स्पर्धेच्या आधी त्याच्याशी बसून ठरव की तू कधी बोलायचं आणि कोणत्या शब्दात. आम्ही दोघांनी एक शब्द ठरवलाय, तो मी उच्चारला की तो बॉलपासून मागे येतो आणि आम्ही पहिल्यापासून बोलतो. ९ वर्षांत मी तो फार कमी वेळा वापरलाय म्हणूनच तो अजून चालतो.

पैशाचंही आधीच ठरवा, मित्र असलात तरी. आठवड्याची ठरलेली रक्कम आणि वर बक्षिसातला वाटा अशी पद्धत आहे, मोठ्या टूरवर जिंकल्यास साधारण १० टक्के देतात. लिहून ठेवा म्हणजे नंतर कुणाच्या मनात काही राहत नाही.

फेअरवेफिरस्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार, आजच त्याच्याशी बोलतो. शब्दाचं फारच आवडलं. आम्ही दोन दिवस आधी कोर्सवर पोचतोय, पाऊस सांगितलाय, तर पावसासाठी वेगळं काही?

पटरसोबती:
टॉवेल ४ घे, एक अर्धा भिजवून क्लब पुसायला, बाकीचे छत्रीच्या आत काड्यांना अडकवून ठेव म्हणजे कोरडे राहतात. ग्लोव्हज जास्तीचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून. छत्री आधी बॅगेवर, मग त्याच्यावर, तू भिजलास तरी चालतं पण ग्रिप भिजली तर क्लब हातातून फिरतो. आणि यार्डेज बुकात (कोर्सवरच्या अंतरांची वही) पेन्सिलने लिही, पेनाची शाई पहिल्या सरीत पसरते.