मदत हवी आहे: नवी बॅटरी टाकूनही जुना लॅपटॉप चार्ज होत नाही

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी,

मी करमाळ्यात घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. लॅपटॉप २०१२ साली घेतलेला, त्यावर विंडोज ७, पानं जुळवायचं पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टचं श्रीलिपी. घरचे म्हणतात नवा घे. पण इतक्या वर्षांच्या सगळ्या फायली याच फॉन्टमध्ये आहेत आणि त्यातल्या निम्म्या दरवर्षी आकडे, तारखा बदलून पुन्हा लागतात. म्हणून हाच चालता ठेवायचा आहे.

त्रास असा आहे. दिवाळीपासून चार्जर लावला की खाली उजव्या कोपऱ्यात 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' एवढंच येतं. चार्जिंग आधी ३७ टक्क्यांवर अडकलं. मग लाइट गेली की थोडं थोडं उतरत गेलं आणि शेवटी संपलं. आता चार्जर आहे तोवर लॅपटॉप चालतो, लाइट गेली की त्याच क्षणी बंद. परवा एका पत्रिकेत 'आपले नम्र'खाली घरातली बावीस नावं मानाप्रमाणे लावून झाली होती. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ टाकून खाली मुलांची नावं घालत होते, तेवढ्यात लाइट गेली. सेव्ह केलेलं नव्हतं. पार्टी समोर बसलेली होती, त्यांना पुन्हा सगळी नावं विचारावी लागली.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. बॅटरी काढून, चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीखालची एसीपीआयची नोंद (विंडोज बॅटरी ओळखते ती) अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट केलं. काही फरक नाही. दुकानात दाखवलं तर बघताक्षणी 'बॅटरी गेली' म्हणाले, म्हणून २२०० रुपये घालून नवी घेतली. तीही चार्ज होत नाही! आली तेव्हा थोडी भरलेली होती, आता ४ टक्क्यांवर आहे.

अ‍ॅडॅप्टरवर आऊटपुट १९.५ व्होल्ट, ४.६२ अँपिअर लिहिलंय. पिन गोल आहे, आत मधोमध सुईसारखी बारीक काडी. बॅटरी ११.१ व्होल्ट, ४४०० एमएएच, मागून खटका सरकवून निघणारी. लग्नसराई तोंडावर आहे. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

पाऊलवाट

जुनी बॅटरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून बघा. माझ्या मित्राची चालली होती.

नीलमोहर

कृपया असं करू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि सर्किट गंजतं. शिवाय ताईंची नवी बॅटरीसुद्धा चार्ज होत नाहीये, तेव्हा फ्रीजरमुळे काय साधणार?

सोल्डरगन

ताई, बॅटरीला सध्या हात लावू नका. दोन वेगवेगळ्या बॅटऱ्या एकसारखंच वागतायत म्हणजे दोष बहुतेक त्यांच्या अलीकडे, चार्जरच्या बाजूला आहे. तीन गोष्टी सांगा.

चार्जरवर चालू असताना पेजमेकर पूर्वीपेक्षा रेंगाळतो का? मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर एखादी इंग्रजी ओळ येऊन थांबते का? आणि पिनेजवळ वायर हलवली की क्षणभर तरी 'चार्जिंग' दिसतं का?

अक्षरजुळणी

दादा, तिन्हीचं उत्तर हो आहे.

रेंगाळतो, आणि तेही दिवाळीपासूनच. पान मोठं केलं की अक्षरं एकेक ओळ करत उमटतात. मशीन म्हातारं झालं असं समजून मी गप्प होते. सुरू होताना एक ओळ येते खरी, एफ१ दाबलं की पुढे जातं, म्हणून सवयीने दाबत आले. आज पहिल्यांदा फोटो काढून वाचली. अ‍ॅडॅप्टरचा प्रकार ओळखता आला नाही, बॅटरी चार्ज होणार नाही, असा अर्थ लागतो.

वायर एका विशिष्ट कोनात वर उचलून धरली तर दोन-तीन सेकंद चार्जिंग दाखवतं, सोडली की गेलं. टॉर्च लावून पाहिलं, पिनेच्या मागे जिथे रबर संपतं तिथे वायरचं वरचं आवरण तडकलंय आणि आतली जाळी दिसतेय. लॅपटॉप नेहमी टेबलाच्या डाव्या कडेला असतो, वायर तिथूनच मुडपून खाली जाते.

सोल्डरगन

मग सापडलं असं समजा. तुमच्या अ‍ॅडॅप्टरच्या वायरीत दोन नाही, तीन रस्ते आहेत. पिनेच्या बाहेरच्या आणि आतल्या भिंतीवरून १९.५ व्होल्ट येतात. मधली काडी वीज पुरवण्यासाठी नाहीच. अ‍ॅडॅप्टरमध्ये एक छोटी चिप असते, ती त्या काडीवरून लॅपटॉपला कळवते की मी ९० वॅटचा आहे. हा निरोप पोचला नाही तर आपण किती करंट ओढावा हे लॅपटॉपला समजत नाही. अशा वेळी तो बॅटरी भरणं बंद ठेवतो आणि प्रोसेसरचा वेगही पाडतो. तुमचा पेजमेकर त्यामुळेच रेंगाळतोय. दुकानदारानं सुरुवातीची ती ओळ वाचली असती तर तुमचे २२०० तेव्हा तरी वाचले असते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मधली तार बारीक असते, वायर सारखी एकाच जागी मुडपली की आधी तीच तुटते. वीज येत राहते म्हणून दोष लक्षात येत नाही. मल्टिमीटर लावला तर आकडा बरोबरच दिसेल, आणि नेमका तिथे माणूस फसतो. तरी मोजायचंच असेल तर डीसी २००च्या रेंजवर ठेवा, २०वर काठावरचा आकडा कधी कधी बसत नाही. मीटरच्या वायरीचं टोक मधल्या काडीला आणि भिंतीला एकाच वेळी चुकूनही लागू देऊ नका. १९.५ व्होल्ट त्या तारेत शिरले तर चिप जळते, मदरबोर्डही जाऊ शकतो.

त्यापेक्षा साधी परीक्षा आहे. त्याच कंपनीचा, तशाच पिनेचा अ‍ॅडॅप्टर कुणाकडून तासभर मागून आणा. ६५ वॅटचा मिळाला तरी तपासण्यापुरता चालेल. त्यावर ती ओळ आली नाही तर दोष तुमच्या अ‍ॅडॅप्टरचा. तरीही आली तर लॅपटॉपमधला जॅक बघावा लागेल. अशा पिनेच्या बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये तो छोट्या वायरीला जोडलेला सुटा भाग असतो, बोर्डावर सोल्डर केलेला नसतो. तसा असेल तर बदलणं फार खर्चिक नाही.

आणि तोवर दर पाच मिनिटांनी कंट्रोल एस. एवढं कराच.

नीलमोहर

ताई, जुन्या बॅटरीत अजून किती जीव आहे तेही बघून घ्या. जुनी बसवा, स्टार्टमध्ये सीएमडी लिहा, त्यावर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' घ्या. मग आज्ञा द्या: पॉवरसीएफजी, एक जागा सोडून, वजाचं चिन्ह आणि त्याला लागून एनर्जी. हे सगळं इंग्रजीत, लहान अक्षरांत. 'बॅटरीरिपोर्ट' ही आज्ञा विंडोज ८पासून पुढेच आहे, तुमच्या ७वर ती चालणार नाही. एक मिनिट थांबल्यावर एक अहवाल तयार होतो, तो कुठे ठेवला ते तिथेच लिहून येतं. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' (नवी असताना किती मावायचं) आणि 'लास्ट फुल चार्ज' (शेवटचं पूर्ण भरल्यावर किती मावलं) हे दोन आकडे शोधा.

अक्षरजुळणी

सांगायला उशीर झाला, मध्ये दोन दिवस कामं होती.

पुतण्याच्या मित्राकडून ६५ वॅटचा अ‍ॅडॅप्टर आणला. ती इंग्रजी ओळ आलीच नाही! नवी बॅटरी ४वरून चढायला लागली आणि पेजमेकर पहिल्यासारखा पळायला लागला. मी मुद्दाम पान लहान-मोठं करत बसले होते. जॅकजवळ वायर हलवून पाहिली, चार्जिंग तुटलं नाही.

जुन्या बॅटरीचे आकडे: डिझाइन ४८८४०, लास्ट फुल चार्ज १९९८०. म्हणजे ती फेकून द्यायची का?

सोल्डरगन

वायर हलवूनही तुटत नाही म्हणजे जॅक ठीक आहे. आता अ‍ॅडॅप्टर घेताना ९० वॅटचाच घ्या, आणि दुकानातच लॅपटॉपला लावून तो ओळखतोय याची खात्री करूनच पैसे द्या. स्वस्त नकली अ‍ॅडॅप्टरमध्ये कधी कधी ती चिप नसते किंवा चुकीची असते, मग हीच रडकथा पुन्हा सुरू. जुन्याची वायर कापून नवी पिन सोल्डर करता येते, पण तिन्ही तारा बरोबर जोडणारा कारागीर हवा.

जुनी बॅटरी ४१ टक्के उरलीय. ते आकडे मिलिवॅट-तासांत असतात, म्हणजे १९९८० हे जवळपास २० वॅट-तास. तुमचं मशीन सरासरी २० वॅट घेत असेल तर एक तास निघेल. लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करून प्रूफची पीडीएफ काढायला तेवढं पुष्कळ. फेकू नका. अर्धी भरून, टोकांना चिकटपट्टी लावून, उन्हापासून लांब ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बसवून पुन्हा अर्धी भरा. पूर्ण रिकामी ठेवली तर आतल्या सेलचं व्होल्टेज फार खाली जातं आणि मग तिचं संरक्षक सर्किट चार्जिंग घेतच नाही.

अक्षरजुळणी

दादा, नीलमोहर, दोघांचे मनापासून आभार. बार्शीहून ९० वॅटचा अ‍ॅडॅप्टर आणला, तिथेच काउंटरवर लॅपटॉप सुरू करून पाहिला. टेबलही फिरवलं, आता वायर मुडपत नाही. काल दुपारी दोनदा लाइट गेली. पत्रिकेचं काम चालूच राहिलं.