गुलामगिरी 1865 मध्ये कायद्याने संपली, मग मताच्या हक्कासाठी 1965 का उजाडावे लागले?

प्रश्न – गाव वाचनालय, दारव्हा तालुका

आमच्या वाचनालयाच्या मासिक चर्चेसाठी या खेपेला महात्मा फुले यांची 'गुलामगिरी' घेतली आहे. 1873 साली निघालेले हे पुस्तक जोतीरावांनी, गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते, हे सांगताच बारावीतल्या एका मुलीने विचारले की, ज्या देशाचे एवढे कौतुक झाले, तिथेच 1965 साली कृष्णवर्णीयांना मतासाठी पोलिसांचा मार का खावा लागला? 'गोऱ्यांचा द्वेष' एवढ्या उत्तरावर तिचे समाधान झाले नाही आणि माझेही होत नाही. द्वेष होताच, पण तो शंभर वर्षे पोसला कशाने? आमचे श्रोते बहुतेक कापूस-तुरीचे शेतकरी आणि मजूर आहेत, तेव्हा शेतीच्या अंगाने कोणी सांगितले तर बरे होईल.

उत्तर – निवृत्त इतिहास शिक्षक, हिंगणघाट

जोतीरावांची अर्पणपत्रिका त्या काळी अस्थानी नव्हती, हे त्या मुलीला आधी सांगावे. 1865 मध्ये गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती झाली, 1868 मध्ये नागरिकत्वाची आणि 1870 मध्ये मतदानाच्या हक्काची, आणि त्याच 1870 मध्ये हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ मिसिसिपी राज्याचे सिनेटर म्हणून वॉशिंग्टनला गेले. यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेतल्या राज्यांत तेव्हा संघराज्याच्या सैन्याचा धाक होता. तो धाक 1877 च्या राजकीय तडजोडीत उठला आणि जुने मळेवाले पुन्हा सत्तेवर बसले.

परंतु खरा घात त्याआधीच झाला होता. जानेवारी 1865 मध्ये संघराज्याच्या सैन्यातले जनरल शर्मन यांनी साउथ कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांच्या किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना जास्तीत जास्त 40 एकरांप्रमाणे वाटण्याचा हुकूम काढला आणि सुमारे 40 हजार माणसे तिथे वस्तीला गेली. लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी यातली बहुतेक जमीन मूळ मालकांच्या हवाली केली. माणूस मोकळा झाला, पण उभे राहायला त्याच्या पायाखाली धुराही राहिला नाही.

मग आली बटई. जमीन मालकाची, खेचर मालकाचे, बियाणे मालकाचे. वर्षभराचा किराणा त्याच्याच दुकानातून चढ्या व्याजाने उधार. हंगामाअखेर कापूस जिनिंगला गेला की वजन मालक करणार, भाव मालक सांगणार आणि वहीही त्याच्याच कपाटात. चुकाऱ्याच्या दिवशी हाती पैसा येण्याऐवजी बाकी निघाली की पुढचे साल पुन्हा त्याच मळ्यावर. आपल्याकडच्या जुन्या सालदाराला यातले काही समजावून सांगावे लागणार नाही.

हिशेब मागितला तर काय होई, त्याचे उदाहरण आर्कान्सा राज्यातल्या इलेन या गावाचे आहे. सप्टेंबर 1919 च्या अखेरीस तिथले बटईदार कापसाचा रास्त भाव आणि हिशेब मिळवण्यासाठी रात्री एका चर्चमध्ये जमले असता गोळीबार झाला, त्यात एक गोरा माणूस मारला गेला आणि पुढचे काही दिवस टोळ्यांनी कृष्णवर्णीयांना वेचून मारले. मृतांची संख्या शंभराच्या पुढे मानली जाते. खटले मात्र बटईदारांवरच भरले गेले आणि बारा जणांना फाशी सुनावली गेली. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली म्हणून अखेर कोणी फासावर गेले नाही.

मताचा हक्क हिरावण्यासाठी वेगळी लाठी लागली नाही. मिसिसिपीच्या 1890 च्या संविधानाने मतदारावर डोईपट्टी बसवली, शिवाय संविधानातले एखादे कलम वाचून किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगण्याची अट घातली. अर्थ बरोबर की चूक, हे नोंदणी करणारा गोरा कारकून ठरवणार! कायद्यात 'काळा' हा शब्दसुद्धा घालावा लागला नाही.

उत्तर – महिला शेतकरी गटाची कार्यकर्ती, घाटंजी

गुरुजींनी सांगितलेली वही आणि मत यांची गाठ कशी पक्की होती, ते मतहक्काच्या चळवळीतल्या फॅनी लू हेमर या बाईंच्या आयुष्यात उघड दिसते. बटईदाराच्या घरातले हे विसावे अपत्य. सहाव्या वर्षापासून कापूस वेचणीला लागलेले. 31 ऑगस्ट 1962 रोजी त्या मिसिसिपीतल्या इंडियानोला येथे मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या. परीक्षेत त्यांना नापास केले गेले. घरी परततात तोच मळ्याच्या मालकाने बजावले की, अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. ज्या मळ्यावर अठरा वर्षे राबल्या, तो त्यांनी त्याच रात्री सोडला. पुढच्या वर्षी विनोना येथील तुरुंगात त्यांना एवढे मारले की ती दुखणी जन्मभर राहिली, आणि तरीही 1964 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी ही हकीकत साऱ्या देशासमोर मांडली.

त्याच राज्यात होम्स काउंटीतले (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) माइल्स्टन हे ठिकाण आहे. 1930 च्या दशकातल्या मंदीनंतर सरकारने तिथल्या मळ्यांची जमीन कृष्णवर्णीय कुटुंबांना दीर्घ मुदतीच्या कर्जावर विकत दिली होती. एप्रिल 1963 मध्ये लेक्सिंग्टनच्या कचेरीत नाव नोंदवायला सर्वांत आधी जे चौदा जण गेले, त्यांच्यात हेच जमीनवाले शेतकरी पुढे होते. त्यांच्यातल्या एकाच्या घरावर हल्ला झाला, आग लावली गेली. पण घरातून निघ म्हणणारा मालक त्यांच्या डोक्यावर नव्हता. हेमरबाईंनीही पुढे 1969 मध्ये 40 एकर घेऊन सहकारी शेती उभी केली, ती काही हौस म्हणून नव्हे.

उत्तर – विधी शाखेचा विद्यार्थी, मूळ गाव चिखलदरा तालुका

दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, पण सगळा भार जमिनीवर टाकणे मला मान्य नाही. मार्च 1965 मध्ये अलाबामा राज्यातल्या सेल्मा येथे मोर्चेकऱ्यांवर लाठ्या पडल्या, ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला आणि अडवणूक होईल तिथे नोंदणीसाठी केंद्राचे अधिकारी पाठवण्याची सोय झाली. मिसिसिपीत नोंद असलेल्या कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण 7 टक्क्यांच्याही आत होते, ते 1967 पर्यंत जवळपास 60 टक्के झाले. या दोन वर्षांत कोणाला जमीन वाटली गेली नव्हती. बदलला तो फक्त कायद्यामागचा हात. उलट 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातला पूर्वपरवानगीचा भाग, म्हणजे मतदानाचे नियम बदलण्याआधी काही राज्यांनी केंद्राची संमती घेण्याची अट, निष्प्रभ केल्यावर अनेक राज्यांनी मतदानाचे नियम पुन्हा कडक केले.

शिवाय 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइटसारख्या शहरांत गेले. तिथे बटई नव्हती, पण त्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने दाखवून घरकर्ज नाकारले जाई.

प्रश्नकर्ता

भाऊ, तुमची हरकत चर्चेत नक्की मांडीन, कारण आमच्याकडेही 'कायद्याने काय होते?' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण ताई, जे स्वतःच्या जमिनीचे मालक होते त्यांची जमीन तरी आज शिल्लक आहे का?

उत्तर – निवृत्त महसूल कर्मचारी, पुसद

फार थोडी. 1920 मध्ये अमेरिकेत बटईदार धरून सुमारे 9 लाख 25 हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते. 1997 च्या गणनेत ते 20 हजारांच्याही आत आले. शहराकडचा ओढा आणि कापूस वेचणीची यंत्रे ही कारणे आहेतच. कृषी खात्याची कर्जे मंजूर करताना स्थानिक समित्या, ज्यांत गोऱ्यांचाच भरणा असे, या शेतकऱ्यांचे अर्ज पेरणी उलटून जाईपर्यंत रखडवत, अशी तक्रार होती. त्यावरचा मोठा दावा 1999 मध्ये तडजोडीने मिटला आणि सरकारला सुमारे 100 कोटी डॉलर मोजावे लागले.

माझे लक्ष मात्र एका वेगळ्या वाटेकडे जाते, कारण वारसाच्या नोंदींचे फेरफार करण्यातच माझी सारी नोकरी सरली. कचेरीवर विश्वास नसल्याने अनेक म्हातारे मृत्युपत्र न करताच गेले आणि जमीन सर्व वारसांच्या नावे सामाईक राहिली. मग बाहेरचा खरेदीदार दूर शहरातल्या एखाद्या वारसाला गाठून त्याचा लहानसा हिस्सा विकत घेई आणि न्यायालयात वाटपाचा दावा लावी. एवढ्या वारसांत जमिनीचे तुकडे पाडणे व्यवहार्य नाही म्हणून न्यायालय सगळीच जमीन लिलावात काढी, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती कसणाऱ्या घराजवळ बोलीला पैसा नसे. इतर वारसांना आधी खरेदीची संधी द्यावी, असा नमुना कायदा 2010 मध्ये तयार झाला आणि पुढे अनेक राज्यांनी तो स्वीकारला. चर्चेला येणाऱ्यांपैकी ज्यांच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे, त्यांना हा भाग जरा सावकाश सांगा.